जगाची ओळख आणि घरचे संस्कार

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित पालक-शिक्षक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



एखाद्या संस्थेने पन्नास वर्षे पूर्ण करणे ही सामान्य गोष्ट नव्हे. दानशूरांच्या देणग्यांनी इमारती उभ्या राहतात. परंतु संस्था टिकते ती दररोज वेळेवर येऊन दार उघडणाऱ्या, हिशेबाची वही नीट ठेवणाऱ्या आणि प्रसिद्धीची अपेक्षा न धरता राबणाऱ्या माणसांमुळे. अशा सर्व ज्ञात-अज्ञात व्यक्तींना प्रारंभीच विनम्र अभिवादन करून आजच्या विषयाकळे वळणे उचित ठरेल.

सुवर्णमहोत्सवी वर्षापासून ट्रस्टच्या शाळेत दरवर्षी ‘विश्वसंस्कृती सप्ताह’ साजरा करावा, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आहे. त्यावर समाजात दोन मते आहेत आणि ती दोन्ही आस्थेपोटी व्यक्त झालेली आहेत. काही पालक म्हणतात, ‘मुले उद्या पुण्या-मुंबईला, त्यापुढे परदेशाला जाणार, त्यांना जगाची ओळख हवी.’ काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात, ‘पाठशाळेत मुलांची संख्या रोडावली आहे. णमोकार मंत्र पाठ आहे, पण त्याचा अर्थ विचारला तर मूल गप्प बसते. आपलेच शिकवून होत नाही, तिथे जपानचे आणि आफ्रिकेचे सण कशाला?’

हा दुसरा प्रश्न टाळण्यासारखा नाही. संस्कार पातळ होण्याची भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, जगाच्या संस्कृतींची ओळख योग्य रीतीने करून दिली, तर तीच मुलाला आपल्या घरच्या आचाराचा अर्थ शोधायला लावते. अयोग्य रीतीने करून दिली, तर ज्येष्ठांची भीती खरी ठरते. म्हणून सप्ताह करावा की करू नये यापेक्षा तो कसा करावा, या प्रश्नाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो.

नेहमीची पद्धत आणि तिचे उणेपण

अशा कार्यक्रमांचे रूप आपल्या परिचयाचे आहे. प्रत्येक वर्गाला एक देश वाटून दिला जातो. भिंतीवर ध्वज लागतो. जपानसाठी कागदी पंखे येतात, मेक्सिकोसाठी पुठ्ठ्याची रुंद टोपी तयार होते. काही ठिकाणी तर आफ्रिका दाखवण्यासाठी मुलांच्या तोंडाला काळा रंग फासतात, जणू चौपन्न देशांच्या त्या खंडाचे दुसरे काही वैशिष्ट्यच नाही. पोशाख भाड्याने येतात, त्यांचा खर्च पालकांवर पडतो. छायाचित्रे निघतात, पाहुण्यांच्या हस्ते बक्षिसे वाटली जातात आणि सोमवारी सर्व काही पूर्ववत होते.

यातून मूल काय शिकते? जपानी माणूस म्हणजे विशिष्ट पोशाख घालणारा, वाकून नमस्कार करणारा एक गमतीदार प्राणी. त्याच्या घरातही आई मुलाला अभ्यासाला बसवते, तिथेही आजोबांची आठवण काढली जाते, तिथेही काय खावे आणि काय खाऊ नये याचे नियम आहेत, हे मुलाच्या मनाला शिवतही नाही. अमेरिकेतील बालशिक्षणतज्ज्ञ लुईस डर्मन-स्पार्क्स यांनी १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात या पद्धतीला ‘पर्यटकी अभ्यासक्रम’ म्हटले आहे. पर्यटक जसा गाडीतून उतरतो, छायाचित्र काढतो आणि पुढच्या ठिकाणी निघतो, तशी मुलांची सहल संस्कृतींमधून काढली जाते. तो शब्द अमेरिकेतल्या शाळांसाठी वापरला गेला असला, तरी आपल्या स्नेहसंमेलनांनाही तो तंतोतंत लागू पडतो.

आपण दुसऱ्याच्या फळ्यावर

या पद्धतीत काय खटकते, हे कळण्याचा सोपा मार्ग म्हणजे बाजू बदलून पाहणे. इंग्लंडमधील लेस्टर शहरात ऑक्सफर्ड स्ट्रीटवर एक जैन केंद्र आहे. ती वास्तू पूर्वी ख्रिस्ती प्रार्थनामंदिर होती. पूर्व आफ्रिकेतून आणि भारतातून तेथे स्थायिक झालेल्या जैन बांधवांनी ती घेतली, तिला संगमरवरी दर्शनी भाग दिला आणि १९८८ साली तेथे प्रतिष्ठा झाली. श्वेतांबर देरासर, दिगंबर मंदिर, स्थानकवासी उपाश्रय आणि श्रीमद् राजचंद्रांच्या नावाचे मंदिर ही सर्व स्थाने तेथे एकाच छपराखाली आहेत. आपल्याकडे एकाच गल्लीत राहून जे सहज साधत नाही, ते परदेशात अल्पसंख्य झाल्यावर साधले, याचीही नोंद जाता जाता घ्यायला हरकत नाही.

या केंद्राला स्थानिक शाळांतील मुले शिक्षकांसमवेत भेट देतात. पादत्राणे बाहेर काढून ती आत येतात आणि खांबांवरचे कोरीवकाम पाहतात. क्षणभर कल्पना करा की, त्या मुलांना त्यांच्या शिक्षकाने एवढेच सांगितले : ‘हे जैन लोक. हे बटाटा खात नाहीत आणि तोंडाला कापड बांधतात.’ मुले हसली आणि बाहेर पडली. आपल्याला कसे वाटेल? सांगितलेली माहिती सर्वस्वी खोटी म्हणता येणार नाही. तरीही आपल्या धर्माची ओळख झाली, असे आपण म्हणणार नाही. बटाटा का खात नाहीत, कंदामध्ये अनंत जीव मानण्यामागची दृष्टी कोणती, मुहपत्ती कोण वापरतात आणि कशासाठी, हे सांगितल्याशिवाय ती माहिती केवळ विनोद ठरते. आपल्याबद्दल जी अपेक्षा आपण बाळगतो, तीच इतरांबद्दल आपल्या शाळेने पाळली पाहिजे.

हा प्रसंग केवळ इंग्लंडमधील मुलांवर येतो असे नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात जैनांची संख्या सुमारे साडेचव्वेचाळीस लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ०.३७ टक्के आहे. त्यांतील सुमारे चौदा लाख, म्हणजे इतर कोणत्याही राज्यापेक्षा अधिक, महाराष्ट्रात आहेत. तरीही आपले मूल ट्रस्टच्या शाळेतून बाहेर पडून मोठ्या महाविद्यालयात किंवा वसतिगृहात गेले की, पन्नास जणांच्या वर्गात ते बहुधा एकटेच असते. सूर्यास्तापूर्वी जेवणारा, कांदा-लसूण नसलेला डबा शोधणारा, पाणी गाळून पिणारा हा मुलगा त्या वर्गाच्या दृष्टीने परक्या संस्कृतीचाच असतो. मित्र त्याला विचारतात, ‘का रे?’ आणि पुष्कळदा त्याच्याकडे उत्तर असते ते एवढेच : ‘आमच्यात चालत नाही.’

बंधू-भगिनींनो, संस्कार पातळ होतात ते नेमके या ठिकाणी. दुसऱ्यांचे सण पाहिल्यामुळे ते होत नाहीत. ज्या आचाराचे कारण मुलाला सांगता येत नाही, तो आचार पहिल्याच वर्षी वसतिगृहाच्या भोजनगृहात गळून पडतो.

पोशाखाऐवजी प्रश्न

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, विश्वसंस्कृती सप्ताहात मुलांच्या हाती पोशाखाऐवजी प्रश्न द्यावेत. प्रत्येक समाजाविषयी विचारता येतील असे साधे पाच प्रश्न पुरेत. हे लोक काय खातात आणि काय वर्ज्य मानतात? पाहुण्याचे स्वागत कसे करतात? गेलेल्या माणसाची आठवण कशी ठेवतात? चूक झाली तर क्षमा कशी मागतात? आणि यांची मुले घरात व शाळेत कोणती कामे करतात? या प्रश्नांची उत्तरे शोधताना मुले कुठे पोहोचतात, याची काही उदाहरणे देतो.

जपानपासून सुरुवात करू. तेथील बहुसंख्य प्राथमिक शाळांत दुपारचे जेवण वर्गातच होते. पांढरे अंगरखे आणि टोप्या घालून मुलेच आळीपाळीने वाढपी होतात, सर्वांचे वाढून झाल्यावर एकत्र जेवतात आणि जेवणापूर्वी अन्नाबद्दल कृतज्ञतेचा शब्द उच्चारतात. वर्ग, जिने आणि मार्गिका झाडण्या-पुसण्याचे कामही ती रोज मिळून करतात. आपल्या मुलांना पंखा आणि छत्री दाखवण्यापेक्षा एक आठवडा मधल्या सुट्टीत असे वाढप आणि अशी झाडलोट करायला लावली, तर जपान त्यांच्या अंगी अधिक उतरेल. तेथे सर्वसाधारण आहारात मासळी असते, हे मुलांपासून लपवू नये. परंतु त्याच देशातील बौद्ध मठांमध्ये ‘शोजिन र्योरी’ नावाची शतकानुशतकांची पाककला आहे. तिच्यात मांस-मासे वर्ज्य आहेतच, शिवाय कांदा आणि लसूण यांसारख्या उग्र वासाच्या पदार्थांनाही स्थान नाही. आपल्या घरात आजीने पाळलेला नियम हजारो मैलांवरच्या एका मठातील स्वयंपाकीही पाळतो, हे कळल्यावर मुलाच्या मनात पहिला प्रश्न उठतो, ‘ते का पाळतात?’ आणि त्या पाठोपाठ दुसरा, ‘मग आपण का पाळतो?’ त्यांची कारणे काही अंशी वेगळी आहेत, हे त्याला तेव्हाच समजते.

इथिओपियाकडे पाहू. आफ्रिका म्हटले की जंगल आणि वाघ-सिंह आठवणाऱ्या मुलांना हे ठाऊक नसते की, आफ्रिकेत वाघ नाहीत. त्यांना हेही ठाऊक नसते की, इथिओपियातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती समाज जगातील अत्यंत काटेकोर उपवास करणाऱ्या समाजांपैकी एक आहे. बहुतेक सर्व बुधवार आणि शुक्रवार, ईस्टरपूर्वीचे पंचावन्न दिवस आणि याखेरीज वर्षातले आणखी काही उपवासकाळ ते पाळतात. त्या दिवसांत मांस आणि अंडीच नव्हे, तर दूध, लोणी आणि तूपही वर्ज्य असते. टेफ नावाच्या बारीक धान्याचे पीठ आंबवून केलेली, आपल्या आंबोळीची आठवण करून देणारी ‘इंजेरा’ आणि डाळीच्या पिठाचे ‘शिरो’ हे त्यांचे उपवासाचे जेवण. हे शिरो आपल्या पिठल्याचे सख्खे भावंड म्हणावे असे असते. सर्वजण एकाच मोठ्या ताटाभोवती बसतात आणि प्रेमाने, आदराने दुसऱ्याला आपल्या हाताने घास भरवतात.

शाळेत हा पदार्थ करायचा झाल्यास कांदा-लसूण वगळावे लागेल, आणि आंबवलेले पीठ मर्यादेत बसत नाही असे मानणारी घरेही आपल्यात आहेत. अशा वेळी मुलांना मोकळेपणाने सांगावे, ‘त्यांच्याकडे हे असे करत नाहीत, आपल्या नियमांमुळे आपण यात बदल केला आहे.’ ज्यांना खायचे नसेल त्यांनी नुसते पाहावे. दुसऱ्याचा पदार्थ आपल्या सोयीने बदलून तोच त्यांचा म्हणून दाखवणे हे सत्याला धरून होणार नाही.

तिसरे उदाहरण क्षमेचे. दशलक्षण पर्व संपल्यावर आपण क्षमावाणी साजरी करतो, श्वेतांबर बांधव संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतात. बहुधा त्याच सुमारास, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, ज्यू समाजाचा ‘योम किप्पुर’ हा प्रायश्चित्ताचा दिवस येतो. सुमारे पंचवीस तास अन्न आणि पाणी दोन्ही वर्ज्य असते. ईश्वराविरुद्ध घडलेल्या अपराधांची क्षमा या दिवशी मिळू शकते. परंतु माणसाविरुद्ध घडलेल्या अपराधाची क्षमा आधी त्या माणसाकडे जाऊनच मागावी लागते, अशी त्यांची शिकवण आहे. यासाठी फार दूर जाण्याचीही गरज नाही. आपल्या कोकणात शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्राएल समाजाची मातृभाषा मराठीच. तेल गाळण्याचा व्यवसाय करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांतील बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली, तरी तेथील अनेक घरांत मराठी जपली गेली. हे मुलांना सांगितले की, भ्रमणध्वनीवरून सर्वांना एकच क्षमेचा संदेश पाठवून मोकळे होणाऱ्या आपल्याला मुलेच विचारतील, ‘ज्याचे खरोखर मन दुखावले, त्याच्या घरी तुम्ही गेलात का?’

आणि चौथे उदाहरण आपल्याच वर्गातले. रमजानच्या महिन्यात रोजा धरणारा मुलगा दिवसभर पाण्याचा थेंबही घेत नाही आणि सूर्यास्ताची वाट पाहतो, कारण तेव्हा त्याचा रोजा सुटतो. रात्रिभोजनाचा त्याग केलेला आपला मुलगाही सूर्यास्ताकडे लक्ष ठेवून असतो, कारण त्यानंतर त्याचे जेवण बंद होते. एकच सूर्यास्त, एका घरात ताट वाढले जाते आणि दुसऱ्या घरात ताट उचलले जाते. दोन्ही घरांत भुकेवर ताबा ठेवायला मूल शिकत असते. विश्वसंस्कृतीचा पहिला धडा यासारख्या शेजारच्या बाकावरच सापडावा, असे मला मनापासून वाटते.

अवघड प्रश्नांचे काय?

येथे एक शंका रास्तपणे घेतली जाईल. सर्वच संस्कृतींत आपल्याला साम्य सापडेल असे नाही. इथिओपियातला ईस्टरपूर्व उपवास सुटतो तो मांसाहाराने. अनेक समाजांच्या सणांत पशूंचा बळी दिला जातो, आणि त्यात आपल्याकडच्या जत्राही आल्या. अहिंसा हे ज्याचे पहिले व्रत, त्या घरातील मुलाने याविषयी विचारले तर शिक्षकाने काय सांगावे?

माझ्या मते तीन गोष्टी सांगाव्यात आणि चौथी करावी. पहिली, जे घडते ते खरे सांगावे, झाकू नये. दुसरी, त्या लोकांच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय आहे, तो त्यांना मान्य होईल अशा शब्दांत सांगावा. तिसरी, आपली धारणा काय आहे आणि का आहे, ते न संकोचता सांगावे : प्रत्येक जीवाला जगण्याची इच्छा असते, म्हणून आपण हे करत नाही. आणि चौथी गोष्ट अशी की, त्या समाजातील जे मूल वर्गात बसलेले असेल, त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. आठ वर्षांच्या मुलाने आपल्या संपूर्ण समाजाचा जबाब द्यावा, ही अपेक्षा हिंसेचाच एक प्रकार आहे.

अशा चर्चेत मुले आपल्यालाही सोडणार नाहीत, हे ध्यानात असू द्यावे. चामड्याचा पट्टा, उकळत्या पाण्यात कोश टाकून काढलेले रेशीम, गोठ्यातल्या भाकड जनावराचे पुढे काय होते, याविषयी ती विचारतील. विचारू द्यावे. या प्रश्नांनी आपली अडचण होईल, पण आपली अहिंसा त्यामुळे अधिक खरी होईल.

अनेकांत म्हणजे सर्व सारखेच नव्हे

या विषयावर बोलताना अनेकांतवादाचा उल्लेख हमखास होतो, आणि पुष्कळदा त्याचा अर्थ ‘सगळेच बरोबर’ असा सैलपणे लावला जातो. अनेकांत असे सांगत नाही. वस्तू अनंतधर्मात्मक आहे. प्रत्येक विधान एका नयाने, एका अपेक्षेने सत्य असते. ती अपेक्षा लक्षात घेतल्याशिवाय त्या विधानाला खरे किंवा खोटे म्हणणे ही घाई होय. म्हणजे अनेकांत आपल्यावर एक काम सोपवतो, दुसऱ्याचे म्हणणे कोणत्या दृष्टीने खरे आहे ते शोधण्याचे. ते काम केल्यावरही आपले व्रत आपले राहतेच.

हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट आपण सर्व मुलांना सांगतो. कोणी पाय धरून त्याला खांब म्हणतो, कोणी कान धरून सूप म्हणतो. पण ही गोष्ट सांगताना आपण नकळत स्वतःला त्या डोळस माणसाच्या जागी उभे करतो, ज्याला सबंध हत्ती दिसतो. जैन दर्शनानुसार सबंध हत्ती पाहणारे फक्त केवलज्ञानी. आपण सारे छद्मस्थ आहोत, म्हणजे आपल्याही हाती एक अवयवच आहे. मुलांना ही गोष्ट सांगताना शेवटी एवढे विचारावे, ‘आपण कोणता अवयव धरला आहे?’

आपल्या परंपरेचा दाखला

ही दृष्टी बाहेरून आयात केलेली नाही. श्रवणबेळगोळ येथे दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात चामुंडरायाने उभारलेल्या बाहुबलींच्या मूर्तीच्या पायथ्याशी कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तीन भाषांतील लेख कोरलेले आहेत. दर्शनाला येणारा यात्रिक कोणत्या मुलुखातून येतो, याचा विचार त्या काळीही केला गेला होता. वेरूळला एकाच डोंगरात बौद्ध, हिंदू आणि जैन लेणी आहेत, त्यांतील तिसाव्या क्रमांकापासूनची पाच लेणी जैनांची. तेथे सहलीला नेल्यावर मुलांना केवळ आपलीच लेणी दाखवून परत आणणे म्हणजे त्या डोंगराचा अर्थच न समजणे होय.

१८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत जैन धर्माची बाजू मांडण्यासाठी अवघे एकोणतीस वर्षांचे वीरचंद राघवजी गांधी गेले. परिषदेचे निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी, म्हणजेच आत्मारामजी महाराज यांना होते. मुनिधर्मामुळे त्यांना समुद्रप्रवास शक्य नव्हता, म्हणून त्यांनी वीरचंदभाईंना पाठवले. तेव्हाही समाजातील काहींनी परदेशगमनावर आक्षेप घेतला होता. आज त्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. आणि जर्मन पंडित हर्मन याकोबी यांनी आचारांग आणि कल्पसूत्र यांचे इंग्रजी भाषांतर १८८४ साली प्रसिद्ध केले. जैन धर्म ही बौद्ध धर्माची शाखा नसून तो स्वतंत्र आणि प्राचीन धर्म आहे, हे त्यांनी पाश्चात्त्य विद्वानांना पटवून दिले. एका परक्या माणसाने आपली आगमे इतक्या परिश्रमाने वाचली, म्हणून जगाला आपली खरी ओळख झाली. आपल्या मुलांनी इतरांना तसे समजून घेणे ही त्या ऋणाची थोडीशी परतफेड ठरेल.

आपल्याच भागातील उदाहरण घ्यायचे तर कर्मवीर भाऊराव पाटील. १८८७ साली कुंभोज येथे जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र राबत आणि एका पंगतीला जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. ज्या काळात शेजारच्या आळीतला मुलगाही परका होता, त्या काळात कर्मवीरांनी त्याला आपल्या मुलांच्या शेजारी बसवले. जग समजून घेण्याची सुरुवात त्यांनी पंगतीपासून केली.

मुलांच्या आवडीचा एक दाखला शेवटी देतो. आज जगभरची मुले सापशिडी खेळतात. हा खेळ मूळचा भारतीय, आणि ‘ज्ञानबाजी’ या नावाने तो जैन समाजात प्रचलित होता. कर्मानुसार जीव कसा वर चढतो, कसा खाली घसरतो आणि शेवटी सिद्धशिलेपर्यंत कसा पोहोचतो, हे त्या पटावर रेखाटलेले असे. पर्युषणाच्या दिवसांत तो खेळला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्लंडला गेला आणि तिकडून केवळ खेळ होऊन परत आला. उलट आपल्या दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तेथे नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत पितरांच्या स्मरणार्थ घराघरांत तोच झेंडू मांडला जातो. देणे-घेणे असे दोन्ही बाजूंनी चालत आले आहे.

काही व्यवहार्य सूचना

सप्ताहाऐवजी एका सत्रात एकच देश किंवा एकच समाज घ्यावा, पण तो नीट घ्यावा. भाड्याचे पोशाख आणि स्पर्धा पूर्णपणे टाळाव्यात, म्हणजे कोणत्याही पालकावर खर्चाचा बोजा पडणार नाही. शाळेत विविध समाजांची मुले शिकतात, त्यांच्या आजी-आजोबांना वर्गात निमंत्रित करून मुलांना प्रश्न विचारू द्यावेत. आपल्या समाजातील जी कुटुंबे परदेशात राहून आली आहेत, त्यांनीही यावे; मात्र आपण तेथे काय पाहिले याबरोबरच आपल्याला तेथे कोणते प्रश्न विचारले गेले, हेही सांगावे.

सर्वात महत्त्वाची सूचना अशी की, या यादीत आपला जैन समाजही असावा. एका सत्रात मुलांनी अशी तयारी करावी की, उद्या जपानहून किंवा इथिओपियाहून एखादे मूल आपल्या वर्गात आले, तर त्याला आपण काय सांगू? पाणी गाळून का पितो, चातुर्मासात मुनिमहाराज विहार का करीत नाहीत, अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी का नसते? ही उत्तरे पाठ्यपुस्तकात मिळणार नाहीत. मुले घरी येऊन आपल्याला विचारतील, आणि आपल्यालाही ती ठाऊक नसतील तर आपणच पाठशाळेची पायरी चढू. ज्या ज्येष्ठांनी ‘आपलेच शिकवून होत नाही’ अशी खंत व्यक्त केली, त्यांना या सत्रात सर्वाधिक काम आहे. त्यांनी वर्गात यावे, मुलांसमोर बसावे आणि ‘का?’ या प्रश्नाला ‘आमच्यात चालत नाही’ याहून मोठे उत्तर द्यावे.

विश्वस्त मंडळाने हा प्रस्ताव या स्वरूपात स्वीकारावा आणि प्रत्येक विश्वस्ताने वर्षातून निदान एक तास मुलांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवावा, अशी माझी नम्र विनंती आहे. पुढील पन्नास वर्षांत या शाळेतून बाहेर पडणारा विद्यार्थी जगात कुठेही गेला, तरी त्याला दुसऱ्याच्या ताटाकडे आदराने पाहता यावे आणि स्वतःच्या ताटाविषयी निःसंकोचपणे सांगता यावे, एवढीच माझी अपेक्षा आहे.

जय जिनेंद्र.